तो ओळखीचा निघाला, आता मंगळवारी काय करू?

पत्र लांब होतं, कापून देतेय:

"ताई, मी सांगलीकडची. अकरा वर्षं सहकारी बँकेत होते, शेवटची चार कॅश ऑफिसर म्हणून. नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्षापूर्वी इंग्लंडला आलो, मिडलँड्समध्ये. मुलगी शाळेत गेली की घर खायला उठायचं, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये फूड बँक चालते, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देतात, तिथे मंगळवार-गुरुवार जाते. टिनांच्या तारखा बघायच्या आणि चहा करायचा ही माझी कामं. सत्तरीच्या एक बाई आहेत, त्या मी लावलेलं शेल्फ माझ्यामागून परत तपासतात. नवरा म्हणतो फुकटची हमाली आहे. तेही चाललं असतं, पण गेल्या मंगळवारी एक मुलगा आला, स्टुडंट, मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवताना पाहिलेला. माझ्या तोंडून निघून गेलं, 'अरे, तू आपल्या सांगलीकडचा ना?' त्याने मान खाली घातली, पिशव्या उचलल्या आणि चहा न घेता गेला. दोन रात्री झोप नाही. नवरा म्हणतो मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकू, नाव न घेता, लोक पैसे काढतील. मला वाटतं सरळ डबा घेऊन जावं, फॉर्मवर पत्ता आहेच. काय करू? – टिनवाली"

टिनवाली बाई, आधी एक सांगते, नवऱ्याला म्हणावं फोन खाली ठेव. ग्रुपवर काहीही टाकायचं नाही. नाव न घेता म्हणजे काय गं? मंडळात स्टुडंट पोरं असतात किती, त्यात ढोलपथकातली किती, त्यात सांगलीकडची किती? पाच मिनिटांत कोणीतरी "अच्छा तो का" असं लिहिणार, मग कोणीतरी हात जोडल्याचं चिन्ह टाकणार, मग कोणीतरी त्याच्या गावाकडच्या मामाला ओळखणारा निघणार आणि रात्रीपर्यंत त्याच्या आईला सांगलीत फोन. त्या आईने कर्ज काढून पाठवलेलं असेल पोराला, आणि ती गल्लीत सांगत असेल लंडनला आहे म्हणून, मग तो असेना का मिडलँड्समध्ये. नवऱ्याच्या मनात वाईट काही नाही हे मला कळतंय, आपल्याकडे मदत अशीच करतात, चारचौघांत वर्गणी काढून. पण इथे चारचौघांत हेच तर त्या पोराला नकोय, म्हणून तर तो मंडळात न येता चर्चच्या हॉलमध्ये आला, जिथे त्याला वाटलं की आपलं कोणी नसेल.

आणि डबा. डब्याचं मी तुला अनुभवाने सांगते.

मला लेस्टरला येऊन अठरा वर्षं झाली आणि फूड बँकेत जायला लागून त्यातली बरीचशी. पहिल्याच वर्षी आमच्या रस्त्यावरच्या एक काकू आल्या, गुजराती, नवरा नुकताच वारलेला, सगळे कागद आणि बँकेचं खातं त्याच्या नावावर. मी काउंटरच्या या बाजूला, त्या त्या बाजूला. मी बोलले काही नाही, एवढी अक्कल होती. पण संध्याकाळी राहवेना, मग गरम खिचडी-कढीचा डबा घेऊन त्यांच्या दारात. त्यांनी दार उघडलं, डबा घेतला, हसल्यासुद्धा. मला काय छान वाटलं म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तर पायरीवर माझा डबा, घासून, पुसून, झाकण घट्ट लावलेलं, आणि आत तळाला चार चमचे साखर. रिकामा डबा परत करायचा नाही ना आपल्याकडे, त्यांच्याकडेही नाही. ती साखर आदल्या दिवशी मीच त्यांच्या पिशवीत भरली होती, अर्धा किलोची पुडी. काकू परत आमच्या फूड बँकेत आल्या नाहीत. दोन बस बदलून दुसरीकडे जायच्या हे खूप नंतर कळलं. ती साखर मी किती दिवस वापरली नव्हती.

त्यामुळे डबा नको. फॉर्मवरचा पत्ता तर नकोच नको, तो पत्ता त्याने तुला दिलेला नाही, फूड बँकेला दिलाय, आणि तो बाहेर वापरणं इथल्या डेटा प्रोटेक्शनच्या नियमात बसत नाही. सुरुवातीला गोपनीयतेच्या कागदावर सही करून घेतली असेल बघ तुझ्याकडून, आपण चहा पिता पिता करतो तसल्या सह्या. तू तर बँकेतली, कस्टमरच्या खात्यात किती शिल्लक आहे हे तू त्याच्या शेजाऱ्याला सांगितलं असतंस का? नवऱ्याला सांगितलंस तेही खरं तर नको होतं. झालं ते झालं, पण त्याला एवढं बजाव की हे घराबाहेर जाता कामा नये.

आता तू जे बोललीस त्याचं. गुन्हा केल्यासारखी झोप घालवू नकोस. परक्या हॉलमध्ये आपला चेहरा दिसला की जीभ सुटतेच. पण त्याच्या बाजूने बघ. फूड बँकेत उठून कोणी असंच येत नाही, बहुतेक ठिकाणी कोणीतरी पाठवावं लागतं, सिटिझन्स ॲडव्हाइस ही फुकट सल्ला देणारी संस्था, जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर, शाळा, युनिव्हर्सिटीचं वेलफेअर ऑफिस असं कोणीतरी. म्हणजे तुझ्यासमोर येण्याआधी हा पोरगा एकदा कुठल्यातरी अनोळखी माणसासमोर बसून "माझ्याकडे जेवायला पैसे नाहीत" हे इंग्रजीत बोलून आलाय. मग त्याला फूड बँकेत दाखवायचा कोड मिळाला, मग तो कोड घेऊन बस पकडून आला, आणि तिथे त्याला कोण भेटलं तर सांगलीची ताई.

अजून एक गोष्ट त्याच्या डोक्यात असणार जी तुला कदाचित माहीत नाही. आपल्या सगळ्यांच्या व्हिसावर लिहिलेलं असतं ना, नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत. स्टुडंट पोरांना वाटतं फूड बँकेतून तांदळाची पिशवी घेतली तर तेही त्यातच धरतील आणि व्हिसा जाईल. धरत नाहीत. फूड बँक हा लोकांनी दिलेल्या दानावर चालणारा प्रकार आहे, सरकारी भत्ता नाही. पण हे तू त्याला जाऊन सांगू नकोस! इथे इमिग्रेशनचा सल्ला देण्यावर १९९९ पासून कायदा आहे, नोंदणी नसताना व्हिसाबद्दल सल्ला देणं हा गुन्हा धरतात, मग तो चहाच्या टेबलावर फुकट का दिलेला असेना. त्यापेक्षा तुमच्या कोऑर्डिनेटरला म्हण की हा प्रश्न पोरांच्या मनात असतो, सिटिझन्स ॲडव्हाइसकडून मजकूर तपासून घेऊन एक साधी पाटी सगळ्यांसाठी चहाच्या टेबलावर ठेवूया का. त्या पाटीवर युनिव्हर्सिटीच्या हार्डशिप फंडाचंही, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीच्या मदतीचं, येऊ दे, बहुतेक युनिव्हर्सिट्यांत असा फंड असतो आणि अनेक ठिकाणी परदेशी मुलांनाही अर्ज करता येतो, पण पोरांना वाटतं ते इथल्या गोऱ्या मुलांसाठीच आहे. शिवाय जवळच्या गुरुद्वाऱ्याचा पत्ता. मिडलँड्समध्ये गुरुद्वाऱ्यांना तोटा नाही, लंगरमध्ये ना कोड विचारतात ना नाव, गरम डाळ-रोटी मिळते, आणि बाजूला कोट घातलेला डॉक्टरही मांडी घालून बसलेला असतो त्यामुळे कोण कशाला आलंय ते कळत नाही. कमवून खावं म्हणशील, तर टर्ममध्ये आठवड्याला वीस तासांच्या वर काम करता येत नाही या पोरांना, आणि ते वीस तास तरी मिळायला हवेत ना.

पाटी सगळे वाचतात. तो आला तर तोही वाचेल, कोणी त्याच्याकडे बघत नसताना.

मंगळवारचं विचारतेस. मंगळवारी जाऊन कोऑर्डिनेटरला पाच मिनिटं बाजूला घे आणि सरळ सांग, मागच्या आठवड्यात आलेला एकजण माझ्या ओळखीचा निघाला, मी मोठ्याने बोलले, तो अवघडला. त्यांना हे नवीन नसतं, छोट्या गावातल्या फूड बँकेत तर दर आठवड्याला कोणाची ना कोणाची शेजारीण येते. तो पुन्हा आला तर तू मागे स्टोअरमध्ये जायचं आणि पुढे दुसऱ्या कोणी यायचं, इतकं साधं आहे ते. आणि समजा मागे जायला वेळच मिळाला नाही, तो दारातून आत आणि तू समोर, तर इतरांना जे म्हणतेस तेच, हॅलो, चहा घेणार का, साखर किती. इंग्रजीत. मराठी त्याने सुरू केली तर मराठी. सॉरी म्हणायला जाऊ नकोस, कारण तुझं सॉरी ऐकून "नाही नाही ताई, काही नाही" हे म्हणायचं काम परत त्याच्याच गळ्यात.

गणपतीत भेटला तर प्रसाद सगळ्यांना देतेस तसा दे. दोन मोदक जास्त नकोत. डोळे भरून बघायचं तर अजिबात नको, ते त्यांना लगेच कळतं. चतुर्थीला तुझ्याकडे दहा-बारा पोरं जेवायला बोलवायची असतील तर खुशाल बोलव, सगळ्या स्टुडंट पोरांना मिळून, ग्रुपवर जाहीर, "घरचं जेवण, यायचं ते या". त्यात तो असला तर असला. हे मी नवऱ्याच्या समाधानासाठी पण सांगतेय, त्याला पोटतिडीक आहे तर भांडी घासायला लाव त्या दिवशी, सगळी ताटं.

आता त्या सत्तरीच्या बाई. इथे मी तुझ्या बाजूने नाही, सॉरी. तू कॅश ऑफिसर होतीस ना? मग कॅशियरने मोजलेली गड्डी तू परत मोजायचीस की नाही, आणि कॅशियरला त्याचा राग यायचा का? टिनांचंही तसंच. बेस्ट बिफोर, म्हणजे चव-दर्जाची तारीख, उलटून गेलेला टिन बऱ्याच ठिकाणी ठराविक मुदतीपर्यंत चालतो, यूज बाय, म्हणजे खाण्याची शेवटची तारीख, उलटलेली वस्तू कधीच चालत नाही, आणि दोन्ही शिक्के इतके बारीक की चष्मा असून दिसत नाहीत. टिनाला पोटावर पोचा पडला असेल तर एकवेळ ठीक, पण कडेच्या शिवणीवर पोचा असेल किंवा टिन फुगला असेल तर बाहेर. हे सगळं दोन जोडी डोळ्यांनी बघतात कारण घेणारा माणूस ते परत करायला येणार नाही, तो मुकाट खाईल किंवा मुकाट टाकेल. बाई "लव्हली, जस्ट वन लिटल थिंग" म्हणतात तेव्हा त्या तुझा अपमान करत नसतात, इंग्रज माणूस चूक सांगायच्या आधी पाच मिनिटं स्वतःच लाजतो. बहुधा त्यांच्यामागूनही कोणीतरी तपासायचं पूर्वी.

आणि खरं सांगू, तिथे तुझ्यासारखं डोकं लागतं आणि तू ते घरी ठेवून जातेस. आलेलं सामान वजन करून घेतात आणि गेलेलं पण वजन करून लिहितात, किलोमध्ये, हे पाहिलं असशील. ती वही कोण लिहितं? आमच्याकडे ती वही म्हणजे देवाची करणी होती, जमेला तीनशे किलो, खर्चाला साडेतीनशे आणि शेल्फ तरीही भरलेलं. एका रिटायर्ड पोस्टमास्तरने शेवटी ताळेबंद जुळवला. तू म्हणून बघ, "ही वही मी बघू का". आणि बेक्ड बीन्स आणि पास्त्याचा डोंगर असतो पण टिकाऊ दूध, फळांचे टिन, शांपू संपलेलं असतं, हे दर महिन्याला होतं, तर काय कमी आहे त्याची यादी आधीच काढून सुपरमार्केटच्या दान टाकायच्या पेटीवर लावणं हे काम कोणालाच करायचं नसतं. चार वर्षं कॅश टॅली केलेल्या बाईला ते डाव्या हाताचं आहे.

दुसरं, तुला एक गोष्ट दिसते जी त्या बाईंना दिसत नाही. तीन दिवसांच्या पिशवीची यादी ठरलेली असते, सीरिअल, सूप, पास्ता, भात, टोमॅटो, बीन्स, मांसाचा टिन, भाज्या, फळं, दूध, चहा, बिस्किटं. कोणी व्हेजिटेरियन म्हटलं की मांसाचा टिन काढून छोल्यांचा घालतात, ते बरोबरच आहे, पण सोबत घातलेलं जेलीचं पाकीट तसंच राहतं. त्यात बहुतेकदा जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला पदार्थ, असतं हे त्यांच्या लक्षात येत नाही, मांसाचा टिन नाही ना, झालं. चिकन सूप काढतात आणि नूडल्सची चिकनची पुडी राहते. मुसलमान कुटुंबाच्या पिशवीतही हेच होतं. तो मुलगा व्हेज होता का? काय घेऊन गेला, बघितलंस का? हे चुकलं तर लोक बोलत नाहीत, घरी जाऊन ते पाकीट कोपऱ्यात ठेवतात.

चहाला कमी लेखू नकोस. पिशवी भरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं माणूस ज्या खुर्चीत बसतो ती तुझ्यासमोरची. काउंटरवर माणूस फक्त कोड सांगतो, खरं काय ते चहावर बाहेर येतं. एक आजोबा होते आमच्याकडे, पिशवीतला सूपचा टिन उलटसुलट करत बसले होते, मी म्हटलं आवडत नाही का, तर म्हणाले आवडतं, पण मीटरमध्ये पैसे नाहीत. इथे बऱ्याच घरांत विजेचं मीटर आधी पैसे भरून चालवायचं असतं, दुकानात जाऊन कार्ड भरून आणायचं, संपलं की अंधार. म्हणजे पिशवीत तांदूळ आणि शिजवायला शेगडी नाही. मग त्यांना किटलीवर होणारं सामान दिलं, नुसतं उकळतं पाणी ओतून होतं ते, किटली शेजारणीकडे तापवायची असं ठरलं, आणि मीटरसाठी वेगळं व्हाउचर मिळवून द्यायला माणूस जोडून दिला. हे काउंटरवर कधीच कळलं नसतं.

नवऱ्याच्या हमालीबद्दल. त्याला म्हण हमालीच आहे, हरकत काय. २००० साली सॉल्सबरीत कॅरल आणि पॅडी हेंडरसन या जोडप्याने घराच्या शेड-गॅरेजमधून जे सुरू केलं, त्याच ट्रसेल या संस्थेच्या फूड बँकांनी २०२४-२५ या एका वर्षात साधारण २९ लाख पार्सलं दिली, आणि ट्रसेलबाहेरच्या वेगळ्याच. एवढ्या श्रीमंत देशात ही वेळ का आली यावर तुझा नवरा आणि मी दोघं मिळून शिव्या घालू शकतो सरकारला, तो वेगळा विषय. पण ती पार्सलं भरायला हातच लागतात. आणि त्याला हिशेबच हवा असेल तर हाही सांग की इथे नोकरीच्या अर्जाला इथल्या माणसाचा रेफरन्स लागतो आणि तुझ्या सांगलीच्या मॅनेजरसाहेबांना इंग्लंडातून फोन करायला कोणी बसलेलं नाही, कोऑर्डिनेटर मात्र लिहून देते. डिपेंडंट व्हिसावर तुला नोकरी करता येते, तर एक-दोन वर्षांनी करच. तोपर्यंत बसभाडं माग, लाजू नकोस, खिशातून गेलेला खर्च व्हॉलंटिअरला परत देतात बहुतेक ठिकाणी, आपल्याच बायका मागत नाहीत.

पत्राच्या शेवटी लिहिलंस की सासूबाई उन्हाळ्यात येणार आहेत, त्यांनाही नेऊ का. न्या की, पण व्हिजिटर व्हिसावर सगळे मिळून तीस दिवसांच्या वर नाही, आणि ती संस्था इथल्या चॅरिटी कमिशनकडे नोंदवलेली हवी, हे व्हिसाच्या नियमात स्पष्ट आहे, कोऑर्डिनेटरला आधी विचारून घे. आणि सासूबाईंना आधीच सांग की समोर कोणी आपल्याकडचं दिसलं तर गाव विचारायचं नाही. अवघड आहे मला माहितीय, आमच्या सासूबाईंनी बसमध्ये सुद्धा विचारलं होतं.

तो मुलगा कदाचित येणार नाही परत. महिनाभर दारावर आवाज झाला की तू मान वर करून बघशील, मीही बघायचे. आला तर चहा, साखर किती. आणि या मंगळवारी जेलीच्या खोक्यावर चिठ्ठी लाव, मोठ्या अक्षरात, जाड मार्करने.